मथुराआत्यांचं शेत आणि खाणारी तोंडं

तुम्ही कधी उभ्या ज्वारीत, माळ्यावर बसून, अख्खा दिवस काढलाय का?

नसेल काढला, तर आधी माळा म्हणजे काय ते सांगते. शेताच्या मधोमध चार मेढी रोवायच्या, त्यांवर आडवी लाकडं टाकायची आणि वर कडब्याच्या पेंढ्या. झाला माळा! वर चढून बसलं की कणसं आपल्या पायाखाली येतात. वारा आला की सगळं शेत एका बाजूला कलतं आणि आपणच नावेत बसून कुठेतरी निघालोय असं वाटतं. हातात गोफण असते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकच काम, पाखरं हाकलायची.

अशा बसलेल्या माणसाजवळ किस्से साठणारच. चालणारा माणूस एक गोष्ट बघतो आणि पुढे जातो. बसलेल्या माणसापुढे गोष्टी आपणहून येतात, खातात, भांडतात, पिल्लं घालतात. एका हिवाळ्यात माझ्याजवळ इतके किस्से जमले की अजून पुरतायत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझे वडील जालन्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून, त्यामुळे मी नववीपर्यंत शाळा शिकले आणि लग्न होऊन घनसावंगीकडच्या एका खेड्यात आले. ज्वारी मी तोवर फक्त ताटात पाहिली होती! पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी गोफण हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, राखणीला बस."

आमचे तीन माळे ओळीने होते. मधला माझा. डावीकडे गंगूवैनी, जिभेने तिखट, मनाने गोड. उजवीकडे मथुराआत्या. सगळं गाव त्यांना आत्या म्हणे, पण नात्याने त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि नवऱ्यामागे राहिलेला तेवढाच एक जमिनीचा तुकडा. आम्ही तिघी माळ्यांवरून ओरडून गप्पा मारायचो. गुपित सांगायची बिलकुल सोय नव्हती!

आत्यांची राखण जगावेगळी होती. सकाळी आणि सांजेला त्या गोफणीचा नुसता आवाज काढायच्या, खडा न घालता. दुपारी स्वस्थ बसायच्या. पाखरं आली तर टक लावून बघायच्या. त्यांच्या पलीकडचं शेत त्यांच्या दिराचं, दादारावांचं. सुगीच्या सुरुवातीलाच ते बांधावर उभे राहून आम्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "वैनी, राखण अशी नसती. पाखरं तुमच्याकडं पंगतीला बसल्यागत खातेत. या साली कणसं रिकामी निघाली तर पुढच्या पेरणीला तुमच्या शेतात पाभर माझी, शेत मी कसणार. तुमी आमच्या घरी बसून खा."

आत्या शांतपणे म्हणाल्या, "बसून तर पाल बी खात न्हाई, भावजी. तिला बी किड्यामागं धावावं लागतं."

दादाराव हसले नाहीत. आम्हीही नाही. बसून खाणं म्हणजे काय ते आम्हा बायांना चांगलं ठाऊक होतं.

*

आता माझ्या वहीची गोष्ट.

शाळेत आम्हाला एक धडा होता. जीव दोन प्रकारचे, उपयोगी आणि उपद्रवी. मला वाटलं, आपण शिकलेल्या, आत्यांना मदत करू. कोणाला हाकलायचं, कोणाला राहू द्यायचं, याची यादीच करू! वहीच्या पानावर दोन रकाने पाडले आणि माळ्यावरून हाळी दिली, "आत्या, चिमणी कुठं लिहू?"

"कोन्या वक्ताची चिमणी?"

"म्हणजे?"

"आत्ताची म्हनशील तर चोर हाय. पावसाळ्यात घरट्यात पिल्लं असतेत, तवाची म्हनशील तर दिवसभर अळ्या येचून नेती. माझ्या हातानं इतकं काम होत न्हाई."

मी चिमणी दोन्हीकडे लिहिली. मग घार विचारली.

"कोंबडीला इचार. मंग उंदराला इचार."

संध्याकाळपर्यंत प्रत्येक नाव दोन्ही रकान्यांत होतं, आणि मुंगूस तर मधल्या रेघेवर बसलं होतं! गंगूवैनी खाली उतरून आल्या. त्यांना हुरडा भाजायचा होता, गोवऱ्या पेटत नव्हत्या. "जालनेवाले, तो कागद दे इकडं," म्हणाल्या, आणि पान चुलाणात घातलं. गोवऱ्या भरकन पेटल्या.

"बघ," वैनी म्हणाल्या, "आता आला उपयोगी!"

*

माझ्या माळ्याच्या एका मेढीवर मी वाळकाचा वेल चढवला होता. वाळूक म्हणजे शेतातली काकडी. उशिरा लावलेला, पण छान पिवळी फुलं आली. फुलांवर सकाळपासून माश्या, भुंगे, बारीक किडे यांची नुसती जत्रा! मला काळजी लागली. फूलच खाल्लं तर वाळूक कुठून यायचं?

मी घरून जुन्या धोतराचं मलमल आणलं आणि चांगल्या सतरा-अठरा पिशव्या शिवल्या. प्रत्येक फुलाला एकेक, मागे नाडी. शिवणकामात मला शाळेत शाबासकी मिळालेली होती. वेल टोपडी घातलेल्या बाळांसारखा दिसत होता.

आठ दिवसांत सगळी फुलं पिशवीतच वाळली. एक वाळूक धरेल तर शपथ! फक्त एका फुलाची नाडी सैल सुटली होती. तिथे बोटाएवढं वाळूक लोंबत होतं.

मी रडवेली होऊन आत्यांना दाखवलं. त्या काही म्हणायच्या आत पलीकडून गंगूवैनी ओरडल्या, "पोरीला कोठीत कोंडायचं अन् दारात वऱ्हाडाची वाट पाहायची! कसं जमंल माय?"

*

यानंतर तरी मी शहाणी व्हायला हवं होतं. पण नाही.

आमच्याकडे ज्वारीच्या कडेने करडईचे तास, म्हणजे ओळी, घालतात. करडईला काटे असतात, म्हणून ढोरं आत शिरत नाहीत. त्या वर्षी माझ्या करडईवर मावा पडला. बारीक काळे किडे, शेंड्याला गच्च चिकटलेले, रस पिणारे. मी जवळ जाऊन पाहिलं तर माव्यात मुंग्या फिरतायत. एकेका किड्याजवळ थांबतायत, मिशांनी चाचपतायत. मला वाटलं, अरे वा, मुंग्या मावा खातायत! देवानेच धाडल्या.

मग काय, मदत करायला मी होतेच! घरून गुळाचा खडा आणला, पाण्यात कालवला आणि करडईच्या बुंध्यांना चोपडला. म्हटलं, आणखी मुंग्या येऊ द्या, जल्दी काम होईल. मुंग्या आल्या. रांगा लागल्या. चार दिवसांनी पाहते तर मावा दुप्पट! एक लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा मावा खायला आला, तर मुंग्यांनी त्याला चावून चावून हाकलून दिलं.

आत्यांनी मला शेंड्याजवळ वाकायला लावलं. "नीट बघ. मुंगी मिशीनं थापटती, मावा गोड थेंब सोडतो, ती पिती. म्हशीची धार काढल्यागत. तिचं दुभतं हाय ते. ती कशाला मारंल?"

मी बघत राहिले. एवढ्याशा शेंड्यावर अख्खा गोठा, धारा, राखणदार, सगळं!

"अन् तू," आत्या म्हणाल्या, "त्या गोठ्यात पेंड टाकून आलीस!"

*

गंगूवैनींचा किस्सा मात्र सगळ्यांवर वरचढ.

एका सकाळी त्यांच्या बांधावरून किंकाळी आली. मी माळ्यावरून उडी टाकून धावले. त्यांच्या बांधावरच्या बाभळीच्या काट्यांवर नाकतोडे टोचलेले होते. एका ओळीत पाच. वर एक सरड्याचं पिल्लू, आणि एका काट्यावर नुसतंच बेडकाचं तंगडं!

"करणी!" वैनी बाभळीकडे बोट करून म्हणाल्या. "माझ्या शेतावर कुनीतरी करणी केली गं!"

त्यांनी लगेच लिंबू आणलं, मिरच्या आणल्या, बाभळीला उतरवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी नाकतोडे सात झाले. वैनींनी गावातल्या तीन बायांशी बोलणं टाकलं. चौथा नंबर मथुराआत्यांचा! बांधावर कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "आत्या, खरं सांगा. मी तुमचं काय वाईट केलं?"

आत्या म्हणाल्या, "काही न्हाई केलं. बस माझ्या माळ्यावर. बोलू नको."

त्या दोघी आणि मी, तिघी एका माळ्यावर, श्वास रोखून. ऊन चढलं. तेवढ्यात एक लहानसा पक्षी बाभळीवर आला. राखी अंग, डोळ्यांवरून काळी पट्टी, एखाद्या चोरासारखी. चोचीत नाकतोडा. त्याने तो काट्यावर नीट बसवला, ओढून पाहिला, पक्का बसलाय याची खात्री केली, आणि शेजारच्या जुन्या नाकतोड्याचा एक घास घेऊन उडून गेला.

"खाटीक म्हनतेत त्याला," आत्या म्हणाल्या. "जास्तीचं टांगून ठेवतो. तुझ्या शेतातलेच नाकतोडे हैत."

वैनींनी कमरेला खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "मेला इतका संसारी, अन् मी त्याला करणीवाला भगत समजले!"

पण त्या तीन बायांशी बोलणं सुरू करायला त्यांना संक्रांतीचा तिळगूळ होईपर्यंत वाट पाहावी लागली.

*

धामणीचं थोडक्यात सांगते.

सुगीच्या आरंभी वैनींच्या गंजीखाली लांबलचक धामण निघाली. वैनी ओरडल्या, त्यांच्या मालकांनी काठी घातली. आत्या पलीकडून "विख न्हाई तिला, नका मारू" म्हणेपर्यंत कारभार आटोपलेला.

महिन्याभरात वैनींच्या शेतात ज्वारीची ताटं, म्हणजे उभी धाटं, बुडातून कापलेली दिसायला लागली. रोज पाच-दहा. उंदरं! ताट आडवं पाडायचं, कणीस बिळात न्यायचं. वैनी माळ्यावर बसून वर पाखरं हाकलत होत्या आणि खालून शेत जात होतं.

पुढे एका दुपारी त्यांच्या बांधावरून दुसरी एक धामण सळसळत आत गेली. मी वैनींकडे पाहिलं. त्या माळ्यावर उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि माहेरचं माणूस आल्यासारख्या म्हणाल्या, "ये माय, ये! आत ये. जेवूनच जा!"

*

एका पहाटे धुकं इतकं होतं की तिन्ही माळे एकमेकींना दिसत नव्हते. मी धुक्यावर बसले होते. खाली शेत नव्हतं, वर आभाळ नव्हतं. हळूहळू उजेड आला आणि कणसाकणसामध्ये कोळ्यांची जाळी दिसायला लागली. शेकडो! प्रत्येकावर दव. एका ताटापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, असं सगळं शेत एकाच सुताने बांधल्यासारखं. एका जाळ्यात माशी धडपडली आणि दवाचे थेंब चार कणसांपर्यंत थरथरले.

मी धुक्यातच बोलले, "आत्या, जाग्या आहात का?"

"हाय की."

"मी विचार करत होते. ज्वारी माती खाते. नाकतोडा ज्वारी खातो. कोळी नाकतोड्याला धरतो, पाखरू कोळ्याला खातं, घार पाखराला नेते. आणि घार मेली की तिची माती होते."

"बराबर."

"म्हणजे प्रत्येकाला कुणीतरी खाणारं आहे."

"हाय."

"मग तुम्हाला कोण खातं, आत्या?"

धुक्यातून आत्यांचा आवाज आला, हसरा, पण पूर्ण हसरा नाही.

"मला? दादाराव!"

*

आता शेवटचा.

पौषात आठ दिवस आभाळ राहिलं. पाऊस नाही, नुसतं दमट, उबदार आभाळ. अशा हवेत कणसात अळी पडते. बाहेरून कणीस टपोरं दिसतं, हातात घेऊन उकललं तर आत बारीक जाळी आणि पिठासारखा भुगा. शिवारात सगळीकडे हेच झालं. माझ्या शेतात, वैनींच्या, आत्यांच्या, सगळीकडे.

त्यात भोरड्या आल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची साळुंकीएवढी पाखरं. एक-दोन कधी दिसायची नाहीत, आल्या की आभाळ भरून. त्यांनी एखाद्या शेतावर झडप घातली की लोक कपाळाला हात लावतात. दादारावांनी दोन गडी गोफणी देऊन उभे केले, पत्र्याचे डबे बांधले, बांधावर आपला जुना कोट घालून बुजगावणं केलं. त्यांच्या शेतावर एक पाखरू टेकलं नाही. लांबून त्यांचं शेत असं भरलेलं दिसे की नजर लागावी!

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते आत्यांना म्हणाले, "परवा सकाळी येतो. दोन्ही शेतं चार माणसांदेखत पाहू. काय ते ठरवून टाकू."

मधल्या दिवशी आत्यांना ताप भरला. त्यांनी मला बोलावलं. "तू बस आज माझ्या माळ्यावर. तुझ्याकडं गंगू ध्यान देईल."

मी छाती भरून हो म्हटलं. सकाळभर एक चिमणी बसू दिली नाही. दुपारी मात्र आभाळ निवळलं, आठ दिवसांनी ऊन पडलं. पेंढ्या उबदार झाल्या. वारा आला, शेत कललं, माळा निघाला नावेसारखा. आणि मी झोपले.

जाग आली ती आवाजाने. कुणीतरी सुपातून धान्य ओततंय, ओततंय, थांबतच नाही, असा आवाज. डोळे उघडले तर कणसं दिसेनात. सगळं शेत गुलाबी होतं. हजारोंनी भोरड्या, प्रत्येक कणसावर दोन-दोन, तीन-तीन. ताटं वाकत होती, उठत होती. मागची रांग उडून पुढच्या रांगेच्या पुढे बसायची, परत मागची पुढे, जणू गुलाबी लाट शेतावरून गडगडत चालली होती. माझ्या माळ्याच्या काठावरही चार बसल्या होत्या. एकीने माझ्याकडे पाहिलं आणि चोच पुसली.

"अगं हान!" गंगूवैनी तिकडून ओरडत होत्या. "जालनेवाले! हान त्यायला! आत्याचं शेत गेलं गं!"

माझा गोफणीचा हात वर झाला आणि तसाच राहिला. खरं सांगते, का ते मला आजही सांगता येत नाही. भीती होती, लाज होती, आणि असं काहीतरी सुंदर होतं की त्याच्यात आवाज काढवत नव्हता.

ऊन कललं तशा त्या सगळ्या एकदम उठल्या, आभाळात एकदा वळल्या आणि नदीकडे गेल्या. शेत रिकामं, शांत. खाली उतरले तर जमिनीवर दाणे सांडलेले, काही कणसांची टोकं सोललेली. मी रडत आत्यांच्या घरी गेले. त्या वाकळ पांघरून पडल्या होत्या. सगळं खरं सांगितलं. झोपले तेही.

आत्यांनी डोळे उघडले. "कणसाच्या शेंड्याला लटकल्या होत्या, का पोटात चोच घालून बसल्या होत्या?"

मी आठवून पाहिलं. "पोटात. खोल. बऱ्याचजणी तर आतून काहीतरी ओढून काढत होत्या."

"किती येळ?"

"ऊन कलेपर्यंत."

"भावजीच्या शेतात बसल्या का?"

"एकही नाही. तिकडे डबे वाजत होते."

आत्यांनी वाकळ गळ्यापर्यंत ओढली. "मंग जा घरी. भाकरी टाकायच्या असतील तुला," म्हणाल्या, आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव चार माणसं घेऊन आले, आधी आत्यांच्या शेतातून फिरले, मग आपल्या शेतातून फिरले, दोन्हीकडची कणसं तळहातावर चोळून बघत राहिले, आत्यांच्या कणसांत टोकं सोडून दाणे शाबूत, आपल्या टपोऱ्या कणसांत नुसती अळी आणि भुगा, आणि आपल्या बांधावरचं ते कोट घातलेलं बुजगावणं उपटून, खांद्यावर टाकून, पाभरीचा विषय न काढता घरी निघून गेले.